शिल्पकलेचा क्युरेटर व्हायचंय? मग प्रदर्शन संपल्यानंतरचं बघायला शिक

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरला शिल्पकलेच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष सुरू आहे, स्वतः काम करण्यापेक्षा दुसऱ्यांची शिल्पं बघणं, त्यांच्याबद्दल लिहिणं, ती कशी मांडावीत याचा विचार करणं यात जास्त जीव रमतो, तर समकालीन शिल्पकलेचा क्युरेटर (म्हणजे प्रदर्शनात कुठली कामं घ्यायची, कशी मांडायची, कशी सांभाळायची हे ठरवणारा) असं काही करिअर असतं का, त्यासाठी कोर्स कुठला, इंग्रजी कच्चं आहे ते चालेल का, आणि घर चालेल एवढे पैसे मिळतात का. चारही प्रश्न रास्त आहेत. मी वीसेक वर्षं हे काम करते आहे, आधी एका गॅलरीत नोकरी केली आणि नंतर स्वतंत्रपणे, त्यामुळे जे बघितलंय त्यातूनच लिहिते. जरा लांबेल.

करिअर असतं. पण आपल्याकडे कुणाच्या व्हिजिटिंग कार्डावर 'शिल्पकलेचा क्युरेटर' असं सहसा लिहिलेलं नसतं. परदेशात फक्त शिल्पासाठी उभ्या केलेल्या संस्था आहेत, इंग्लंडात लीड्सला हेन्री मूर इन्स्टिट्यूट आहे, त्याच भागात १९७७ पासूनचं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क आहे, अमेरिकेत डॅलसला नॅशर स्कल्प्चर सेंटर आहे, तिथे शिल्प हाच विषय घेऊन माणूस अख्खं आयुष्य काढू शकतो. आपल्याकडे तू समकालीन कलेची क्युरेटर असणार आणि त्यातल्या त्यात शिल्पाचं काम निघालं की लोकांना तुझं नाव आठवणार, असा तो प्रकार आहे. हे आठवणं डिग्रीने होत नाही. शिल्पकार, ओतकाम करणारे, पॅकिंगवाले आणि म्युझियमचे स्टोअर सांभाळणारे, या चार जणांनी 'तिला बोलवा, तिला कळतं' असं म्हटलं की होतं.

आता कळतं म्हणजे काय कळतं. चित्राच्या क्युरेटरला भिंत बघायची असते, तुला जमीन बघायची आहे. काळ्या दगडाचा एक घनफूट तुकडा साधारण ८० किलो भरतो, भरीव ब्रॉन्झ तेवढाच घेतला तर अडीचशे किलोच्या आसपास जातो (म्हणून तर ब्रॉन्झ पोकळ ओततात, काही मिलिमीटरचं कवच असतं नुसतं). साध्या घराच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला २०० किलो असा धरलेला असतो. मुंबई-पुण्यात बऱ्याच गॅलऱ्या जुन्या इमारतींत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत, आणि शिल्पकार म्हणतो तीन फुटी दगडी काम मधोमध ठेवायचं. तिथे सौंदर्यदृष्टीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला फोन लागतो, बीम कुठून जातो ते विचारावं लागतं, आणि शिल्प बीमवर सरकवलं की रचना बदलते, मग बाकीची सगळी कामं पुन्हा नव्याने लावावी लागतात. सुबोध गुप्तांचं 'लाइन ऑफ कंट्रोल' बघितलं असशील फोटोत, स्टीलच्या भांड्यांचा अणुस्फोटाच्या ढगासारखा लोळ, दिल्लीत साकेतला किरण नाडर म्युझियममध्ये आहे, दहा मीटर उंच आणि सव्वीस टनांचं. असलं काम एका मॉलमधल्या म्युझियममध्ये उभं राहतं तेव्हा त्यामागे कितीतरी लोकांनी जमिनीचा, दाराचा, छताचा हिशोब केलेला असतो. क्युरेटर त्या टेबलावर बसलेला पाहिजे, आणि त्याला तिथे काय चाललंय ते कळलं पाहिजे.

एक मांडणीचा दिवस सांगते म्हणजे अंदाज येईल. दगडाचं काम, साताठशे किलोचं, टेम्पोतून आलं. हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, गल्लीत शिरेना म्हणून तो मोठ्या रस्त्यावरच थांबला, मग फळ्या टाकून, लोखंडी पाईपांवरून सरकवत दारापर्यंत आणलं, आत घोडा (वजन उचलायची लोखंडी चौकट) उभा करून चेन पुली लावली. मुकादमाने पहिला प्रश्न काय विचारला, तर बोजा कुठल्या अंगाला आहे. शिल्पाचं डोकं पुढे झुकलेलं होतं, म्हणजे पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा बांधला असता तर उचलल्याबरोबर ते पुढे कलंडलं असतं. शिल्पकार गावाला, फोन लागत नाही. अशा वेळी आपण कामाभोवती फिरून, त्याचा पाया बघून, आधीच्या फोटोतले पट्ट्यांचे वळ बघून सांगायचं असतं की पुढचा पट्टा इथे घ्या, मागचा तिथे, आणि पट्ट्याखाली जाड फेल्ट घाला कारण ही कड पॉलिश केलेली आहे, तिला वळ उमटेल. ते चार इंच उचललं जातं, हवेत थोडं थरथरतं, चबुतऱ्यावर बसतं, आणि मग शिल्पकाराने सांगितलेल्या कोनात दोन अंश फिरवायला अजून अर्धा तास जातो. लालबाग-परळच्या कारखान्यांतून मोठ्या गणपती मूर्ती बाहेर काढणारी पोरं बघ कधीतरी, त्यांना हे उपजत येतं, मी माझ्या टीममध्ये अशांनाच घेते.

या सगळ्याच्या आधी आणि नंतर कंडिशन रिपोर्ट असतो, म्हणजे काम कुठल्या अवस्थेत आहे त्याची लेखी नोंद. क्रेट उघडल्याबरोबर, कुणी हात लावायच्या आत, टॉर्च आडवा धरून कामाच्या पृष्ठभागावरून फिरवायचा. समोरून उजेड टाकला तर ओरखडे दिसत नाहीत, आडवा टाकला की पॅटिनावरचा (धातूवर रसायनांनी चढवलेल्या रंगाच्या थरावरचा) नखाएवढा चरासुद्धा सावली टाकतो. प्रत्येक खुणेचा फोटो, बाजूला मोजपट्टी, तारीख, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. कंटाळवाणं काम आहे, पण सहा महिन्यांनी इन्शुरन्सवाला विचारतो की हा पोचा कधीचा, तेव्हा तोच कागद कामाला येतो.

आणि आता मुद्द्याचं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे शिल्पाचं खरं दुखणं प्रदर्शनात नाही, ते प्रदर्शन संपल्यावर सुरू होतं. चित्र गुंडाळून, उभं करून, पलंगाखाली सरकवून ठेवता येतं. शिल्प कुठे ठेवणार? मुंबईत शिल्पकाराचं राहतं घर आणि स्टुडिओ मिळून जेवढी जागा असते तेवढ्यात त्याच्या चाळीस वर्षांच्या कामाचे प्लास्टरचे साचे, मूळ प्रती, न विकलेली कामं कोंबलेली असतात. तो माणूस गेला, मुलांनी जागा विकायला काढली, की पहिल्यांदा साचे जातात. प्लास्टरला भंगारातही भाव नाही. मी अशी घरं बघितली आहेत जिथे वारसांचा हेतू वाईट नव्हता, फक्त त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या पांढऱ्या तुकड्यांतूनच पुढचं ओतकाम होऊ शकतं. म्हणून क्युरेटरने प्रदर्शनाचा आराखडा करतानाच शेवटच्या पानावर लिहिलं पाहिजे की हे काम ३१ तारखेनंतर कुठे जाणार, कशातून जाणार, कोण पैसे देणार. हा प्रश्न विचारणारी माणसं फार कमी आहेत आणि तुझं करिअर उभं राहायचं तर मला वाटतं इथेच राहील.

हे फक्त गरीब शिल्पकारांच्या घरात होतं असं समजू नको. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराचं एक काम माद्रिदच्या राइना सोफिया म्युझियमने घेतलं होतं, १९८६ चं, स्टीलचे चार ठोकळे, वजन ३८ टन. जागा नाही म्हणून १९९० मध्ये ते एका खाजगी गोदामात ठेवलं, पुढे ती कंपनी बंद पडली, आणि २००५ च्या सुमाराला म्युझियमला शोधायची वेळ आली तेव्हा काम सापडेना. ३८ टनांचं शिल्प हरवलं. शेवटी सेराने ते पुन्हा नव्याने करून दिलं. याच सेराचं 'टिल्टेड आर्क' न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात १९८१ ला उभं राहिलं, १२० फूट लांब पोलादी भिंत, लोकांना आडवी येते म्हणून वाद झाला आणि १९८९ ला कापून काढली. ते काम त्या चौकासाठीच केलेलं असल्यामुळे सेराच्या मते तिथून हलवणं म्हणजे ते नष्ट करणंच होतं, आणि मला तो बरोबर वाटतो, जरी चौकात रोज ये-जा करणाऱ्या लोकांची बाजूही मला समजते.

आपल्याकडचं उदाहरण तर प्रत्येक शिल्पकाराला तोंडपाठ हवं. अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्रॉन्झचं म्युरल केलं होतं, १४० फूट लांब, ४० फूट उंच, काही वर्षं राबून. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली ते भिंतीवरून उतरवलं आणि गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली, काही भाग गहाळ झाले. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की काम विकलं गेलं तरी कलाकाराचा नैतिक हक्क संपत नाही, कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात तो आहे, आणि म्युरलचे अवशेष सेहगलांना परत द्यावेत, वर पाच लाखांची भरपाई द्यावी. हा निकाल मिळवून वाच. पुढे कुठल्याही महानगरपालिकेशी किंवा बिल्डरशी सार्वजनिक शिल्पाचा करार करताना देखभाल कोण करणार, हलवायचं झालं तर शिल्पकाराला किती दिवस आधी कळवणार, ही कलमं तू स्वतः मागून घेतली पाहिजेस. समोरचा म्हणेल कशाला एवढं, घालूनच घे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, त्यानंतर तर आपल्या राज्यात कुणाला हे समजावून सांगायची गरज पडू नये की उघड्यावरच्या कामात वारा, खारी हवा आणि आतला सांगाडा यांचा विचार आधी व्हावा लागतो.

कायद्याचं निघालंच आहे तर अजून एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नऊ कलाकारांची कामं राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर विकता येत नाहीत. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तिघे टागोर, शैलोज मुखर्जी आणि रोरिक. यादी पुन्हा वाच, शिल्पकार म्हणून ओळखला जाणारा त्यात एकही नाही. आधुनिक भारतीय शिल्पकलेतलं एवढं मोठं नाव, पण रामकिंकर बैज नाहीत. दुसरीकडे गंमत अशी की आजच्या शिल्पकाराचं दगडी काम परदेशी प्रदर्शनाला पाठवायचं म्हटलं तर कस्टमवाले ते जुनं तर नाही ना म्हणून अडवू शकतात, मग पुरातत्त्व खात्याकडून ही पुरावस्तू नाही असा दाखला आधी काढून ठेवावा लागतो. तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचं असेल तर फिक्की या उद्योजकांच्या महासंघाकडून एटीए कार्नेट हा कस्टमचा कागद मिळतो, त्याने ड्युटीचा त्रास वाचतो. आणि क्रेटचं लाकूड उष्णता दिलेलं, आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असलेलं लागतं, तो शिक्का नसेल तर लाकडातल्या किडीच्या भीतीने माल परदेशी बंदरात अडकून पडतो. हे कुठल्याही कलेच्या कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत, शिपिंगवाल्यांबरोबर चहा पीत शिकावं लागतं.

मटेरियलबद्दल तुला बाकीच्यांपेक्षा जास्त कळेल कारण तू हाताने काम केलंयस. ते टाकून देऊ नकोस, तोच तुझा हुकमाचा पत्ता आहे. समकालीन शिल्प म्हणजे आता दगड-लाकूड-धातू एवढंच राहिलं नाही. शीला गौडा शेण, केस, डांबराची पिंपं वापरतात. भारती खेर यांचा २००६ चा तो बसलेला हत्ती फायबरग्लासचा आहे आणि अंगभर बिंद्या. मृणालिनी मुखर्जींनी तागासारख्या जाड दोरखंडाला गाठी मारमारून माणसाएवढ्या, देवतांसारख्या आकृती उभ्या केल्या. दोरीला धूळ लागते, ओल लागते, कसर लागते, रंगवलेला दोर उन्हात उडतो. हे काम टांगायचं की जमिनीवर बसवायचं, आतला आधार किती दाखवायचा, कुठल्या बाजूने माणूस पहिल्यांदा सामोरा येईल, प्रत्येक निर्णयाने कामाचा स्वभाव बदलतो. २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन झालं, पीटर नागी यांनी क्युरेट केलेलं, आणि उद्घाटनानंतर काही दिवसांतच त्या गेल्या. चार वर्षांनी न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या शाखेत शनय झवेरींनी त्यांचं प्रदर्शन केलं आणि जगाने त्यांना नव्याने बघितलं. कलाकार नसताना काम उभं करायचं तर जिवंतपणी घेतलेल्या नोंदी, फोटो, टांगण्याच्या सूचना यांवरच सगळी मदार असते. म्हणून शिल्पकार समोर आहे तोवर विचारून घे: याची मागची बाजू दिसलेली चालेल का, पॅटिना काळवंडला तर परत चढवायचा की तसाच राहू द्यायचा, एखादा भाग तुटला तर नवीन करायची परवानगी कुणाला.

ब्रॉन्झ म्हटलं की आवृत्तीचा प्रश्न येतो. एका साच्यातून किती प्रती? फ्रान्समध्ये आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या, अशा बारा प्रतींपर्यंतच मूळ काम धरतात. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही, तो करारात आणि नोंदवहीत लिहिला तरच अस्तित्वात येतो. शिल्पकाराच्या मृत्यूनंतर घरच्यांनी ओतून घेतलेली प्रत आणि त्याने स्वतः फिनिशिंग केलेली प्रत यांत फरक असतो, छिन्नीचे वार, जोड कसे घासलेत, पॅटिना कसा चढवलाय यावरून तो कळतो आणि लेबलवर तो प्रामाणिकपणे लिहायचा असतो. विकणाऱ्याला ते आवडलं नाही तरी.

जागेबद्दल दोन शब्द, कारण क्युरेटिंगमधला खरा आनंद मला तिथे मिळतो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघितलं नसशील तर पुढच्या फेरीत बघ. १८७२ ची वास्तू, सोनेरी-हिरवा नक्षीदार हॉल, काचेची कपाटं, त्यात वेगवेगळ्या लोकांची मातीची छोटी मॉडेल्स, आणि २००८ ला नूतनीकरण झाल्यापासून तिथे सुदर्शन शेट्टी, एल. एन. तल्लूर यांच्यासारख्यांची कामं या जुन्या संग्रहाच्या अधेमधे मांडली गेली. तिथे पांढरी रिकामी भिंत नाही, प्रत्येक काम आधीपासून बसलेल्या वस्तूंशी बोलतं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे आणि शेजारच्या राणीच्या बागेत १९६५ साली हलवलेला मूळ काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा, म्हणजे एकाच आवारात तुला जागेवरून उठवलेली दोन शिल्पं बघायला मिळतात. काळा घोडा चौकात २०१७ पासून श्रीहरी भोसलेंनी केलेला, स्वार नसलेला घोडा आहे. दोन्ही घोडे एकाच दिवशी बघ, चबुतऱ्यावर कोण बसतं आणि कोण उतरवलं जातं यावर तुझा पहिला चांगला लेख तिथेच तयार होईल.

कोचीला २०१४ च्या बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कला-प्रदर्शनात), जितीश कल्लाट क्युरेटर होते तेव्हा, अनिश कपूरांचं 'डिसेन्शन' होतं, ॲस्पिनवॉल हाउसमध्ये जमिनीत गरगर फिरणारा काळ्या पाण्याचा भोवरा आणि बाहेर समुद्र. जमीनच कामाचा भाग झाली. जयपूरला नाहरगड किल्ल्यावरच्या माधवेंद्र महालात २०१७ च्या शेवटी नागींनीच शिल्प उद्यान सुरू केलं, राण्यांच्या लहान लहान रंगीत खोल्यांत एकेक शिल्प. तिथे भिंतीला खिळा मारता येत नाही, वारसा वास्तू आहे. अशा बंधनांतून जे सुचतं ते मोकळ्या हॉलमध्ये कधी सुचत नाही असा माझा अनुभव आहे. आणि जर्मनीतलं म्युन्स्टर डोक्यात ठेव, १९७७ पासून दर दहा वर्षांनी तिथे शहरभर शिल्पं मांडतात, शिल्पकार आधी येऊन शहरात राहतो, जागा निवडतो. पुढचं २०२७ ला आहे. जमलं तर जा, शिष्यवृत्तीसाठी आत्तापासून शोध.

कोर्स. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक-समकालीन भारतीय कला आणि क्युरेटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मुंबईत राहायची सोय होत असेल तर तो. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात कला-इतिहासाचं एमव्हीए, म्हणजे दृश्यकलेची मास्टर्स पदवी, तिथे शिल्प विभाग शेजारीच आहे, त्याचा फायदा शब्दांत सांगता येणार नाही इतका आहे. दिल्लीत जेएनयूचं कला आणि सौंदर्यशास्त्राचं केंद्र जास्त थिअरीकडे झुकतं. कोची बिनालेचा स्टुडंट्स बिनाले आणि दिल्लीच्या खोजसारख्या संस्थांच्या कार्यशाळा यांतून तरुणांना पहिली संधी मिळते. गोव्यात दर डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी फेस्टिव्हल असतो, तिथे प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून महिनाभर राब, मांडणीचं शिक्षण फुकट मिळतं. मला एकच निवडायला सांगितलं तर तुझ्यासाठी बडोदा. पण त्याआधी एक वर्ष घरीच थांब, आणि ते वाया घालवू नको. तुझ्या गावात शिरोली एमआयडीसीत इतक्या फाउंड्र्या आहेत. तिथे गाड्यांचे पार्ट ओततात, शिल्प नाही, पण वाळूचा साचा, कोअर (आतली पोकळी ठेवणारा गाभा), धातूचा रस कुठून शिरतो, हवा कुठून निघते, थंड होताना धातू कुठे आक्रसतो हे सगळं तेच आहे. ओळख काढून काही आठवडे नुसती उभी राहून बघ. संवर्धनासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, त्यांच्या छोट्या कार्यशाळांवर लक्ष ठेव. समुद्राकाठच्या शहरात ब्रॉन्झवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती साधी काट नाही, क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातोय, कोरडं ठेवून तज्ज्ञाला बोलवायचं, एवढं तरी ओळखता यायला पाहिजे.

पैसे. खरं सांगते, पहिली पाच-सहा वर्षं तंगीची जातात. सरकारी जागा क्वचित निघतात. खाजगी म्युझियमं वाढतायत, दिल्लीत किरण नाडर, बंगळुरूला मॅप (म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी), तिथे पगार नियमित असतो आणि स्पर्धाही तशीच असते. गॅलरीत नोकरी मिळाली तर घे, विक्री कशी होते, संग्राहक काय विचारतो हे तिथे कळतं. स्वतंत्र काम करायचं झालं तर मानधन तीन हप्त्यांत माग, आणि शेवटचा हप्ता उद्घाटनाला, त्यानंतर नाही. उद्घाटनाचे फोटो छापून आले की उरलेल्या पैशासाठी फोन उचलले जात नाहीत, माझ्या बाबतीत एका आयोजकाने असं केलंय आणि ते पैसे आजवर आलेले नाहीत. काम उतरवण्याचा, परत पाठवण्याचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखव, नाहीतर तो शिल्पकाराच्या डोक्यावर बसतो. आणि विक्रीवर टक्केवारी घेऊन क्युरेटिंग करू नको. कुठलं काम प्रदर्शनात घ्यायचं हे किमतीवरून ठरायला लागलं की तुझ्या शब्दाला वजन राहत नाही, मग ज्यासाठी लोक तुला बोलावतात तेच संपलं. तंगीच्या काळात आधार म्हणून शिकवणं, कॅटलॉगचं संपादन, संग्राहकांच्या घरच्या कामांची नोंदणी अशी कामं मिळतात, त्यांत कमीपणा नाही, उलट नोंदणीतून जेवढं शिकायला मिळतं तेवढं सेमिनारमधून नाही.

इंग्रजी शिकावंच लागेल, करार, प्रदर्शनासाठी कामं उसनी घेण्याची पत्रं, बाहेरच्या म्युझियमशी बोलणं सगळं त्यात चालतं, त्याला पर्याय नाही. पण मराठी सोडू नको. आपल्या राज्यात शिल्पावर लिहिलेला भिंतीवरचा मजकूर बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असतो, किंवा इंग्रजीवरून ओढूनताणून केलेला असतो, आणि बघायला येणारी शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, सुट्टीत आलेलं कुटुंब ते न वाचता पुढे जातं. साध्या मराठीत ऐंशी शब्दांत एका शिल्पाबद्दल लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. महाराष्ट्रातल्या शिल्पाचा इतिहासही अजून नीट मांडलेला नाही. शिल्पकार म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' १८९६ ची, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असतानाची, तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरची ना. ग. पानसऱ्यांची उठावशिल्पं रोज हजारो लोकांच्या डोक्यावर असतात आणि कुणी मान वर करत नाही. पानसऱ्यांकडे शिकलेले आदी दावियरवाला व्यवसायाने औषधशास्त्राचे, पिलू पोचखानवाला भंगार आणि ॲल्युमिनियममधून काम करणाऱ्या, दोघांशिवाय मुंबईतलं आधुनिक शिल्प सांगताच येत नाही, आणि मराठीत त्यांच्यावर किती लिहिलंय ते शोधून बघ. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, त्यांच्या राहत्या घरात, घरच्यांनी जपलेलं. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी मुंबईत ओतून रेल्वेने नेला तेच हे करमरकर, आणि सासवण्याला त्यांनी साध्या सिमेंटमध्ये काय काय केलंय ते बघून थक्क होशील. डोंबिवलीला भाऊ साठ्यांचं शिल्पालय आहे. ही दोन्ही ठिकाणं टिकली कारण कुणीतरी ठरवून टिकवली.

म्हणून या सुट्टीत तुला एक काम देते. तुझ्या जिल्ह्यातला एक वयस्कर शिल्पकार निवड, किंवा जो गेलाय त्याच्या घरी जा. परवानगी घे, घरच्यांशी आधी दोन-तीनदा नुसतं बोलायला जा, लगेच कॅमेरा काढू नको. मग एक साधी एक्सेल शीट कर: कामाचं नाव, वर्ष, माध्यम, उंची-रुंदी-खोली, अंदाजे वजन, सध्या कुठे ठेवलंय, साचा आहे का, किती प्रती ओतल्या, कुठल्या फाउंड्रीत, कुणी विकत घेतल्या, काय तुटलंय. प्रत्येक कामाचे चारही बाजूंनी आणि तळाचा असे फोटो, तळाचा विसरू नको, सही आणि क्रमांक बहुतेक तिथेच असतात. शिल्पकार हयात असेल तर त्याचा आवाज रेकॉर्ड कर, हे असं का केलं हे त्याच्या तोंडून. वर्षभरात तुझ्याकडे एका माणसाच्या आयुष्याची अशी यादी असेल जी कुठल्याच म्युझियमकडे नाही. बडोद्याच्या मुलाखतीला ती घेऊन जा. आणि यादीची एक प्रत प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून त्या घरच्यांकडे ठेव, पेन ड्राइव्हवर देऊ नको, पेन ड्राइव्ह हरवतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही की प्लास्टरचे साचे टाकायच्या आधी या नंबरवर फोन करा, आणि खाली तुझा नंबर.